दहा वाव पाणी: मालवणच्या किनाऱ्यावरच्या प्रबंधाच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२४, मुंबई

आराखडा मंजूर झाला. विषय: सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात 'महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१'ची अंमलबजावणी. मी प्रश्न असा लिहिला होता: नियम पाळले का जात नाहीत? मार्गदर्शक मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाल्या, "पाळले जात नाहीत हे कशावरून? आधी नियम पाण्यात नेमका कुठे आहे ते बघून ये."

घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर घटनेतल्या दोन नोंदी उतरवल्या. राज्यसूचीत क्रमांक २१, 'मत्स्यव्यवसाय'. केंद्रसूचीत क्रमांक ५७, 'प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी'. या दोन नोंदींमधली सीमा म्हणजे १२ सागरी मैल. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने ती ठरवली. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे १२ मैल झाले सव्वाबावीस किलोमीटरच्या आसपास. त्याच्या आत राज्य, बाहेर २०० मैलांपर्यंत केंद्र.

मी सातारची. समुद्र सहलीपुरताच पाहिलेला. त्यामुळे प्रत्येक शब्द तपासून घ्यायचा असं ठरवलं आहे.

१९ ऑक्टोबर, मुंबई

आठवडाभर ग्रंथालयात. १२ मैल किनाऱ्यापासून मोजायचे नाहीत, 'आधाररेषे'पासून मोजायचे. भारताने आपल्या आधाररेषा ११ मे २००९ च्या अधिसूचनेने जाहीर केल्या. किनारा जिथे खाचाखोचांचा आहे किंवा पुढे बेटं आहेत तिथे ही रेघ सरळ ओढता येते. ती किनाऱ्याच्या पुढे पाण्यातून गेली, तर राज्याची हद्द वाळूवर उभं राहून मोजलेल्या १२ मैलांपेक्षा आणखी बाहेर जाते. मी ज्यांच्या मुलाखती घेणार आहे त्यांच्यापैकी कितीजणांना हे कुणी सांगितलं असेल?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९८१ च्या कायद्याखालच्या आदेशांत यांत्रिक ट्रॉलिंगला (बोटीमागे तळाशी जाळं ओढत नेण्याला) किनाऱ्यालगत बंदी आहे, पण ती अंतरावर नाही, खोलीवर आहे. काही पट्ट्यांत ५ वाव, काही पट्ट्यांत १० वाव. एक वाव म्हणजे ६ फूट, १.८३ मीटर. १० वाव म्हणजे साधारण १८.३ मीटर पाणी.

नकाशा उघडल्यावर याचा अर्थ लक्षात आला. आपल्या किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ सगळीकडे सारखा उतरत नाही. उत्तरेला, पालघर-डहाणूसमोर, उथळ पाणी लांबपर्यंत पसरलेलं. खाली दक्षिणेला येऊ तसा उतार वाढतो आणि तीच खोली किनाऱ्याजवळ येते. म्हणजे '१० वावां'ची एकच रेघ डहाणूसमोर आखली तर मच्छीमाराला रुंद अंगण मिळेल, मालवणसमोर मात्र अरुंद. सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलर यांच्यात वर्षानुवर्षं जो संघर्ष चालू आहे, त्याचं एक कारण समुद्राच्या तळाशी आहे. हे मी कुठल्याही बातमीत वाचलं नव्हतं. आज रात्री झोप लागणार नाही.

११ नोव्हेंबर, मालवण

पोचले. भाड्याची खोली बंदरापासून दहा मिनिटांवर, खिडकीतून किल्ला दिसत नाही पण लाटेचा आवाज येतो. सकाळी एका सरकारी कार्यालयात गेले तर विधानसभा निवडणुकीच्या कामात सगळे. २० तारखेनंतर या म्हणाले. ठीक आहे, तोवर किनारा.

१४ नोव्हेंबर, दांडी

आज रापण ओढताना पाहिली. पाहिली म्हणजे शेवटचा अर्धा तास मीही दोराला हात लावला.

पहाटे होडी जाळं घेऊन बाहेर गेली, पाण्यात मोठा अर्धगोल घालून परत आली. जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांची रांग. दोर कंबरेला टेकवून, तोंड समुद्राकडे करून मागे मागे चालायचं. शेवटी पोचलेल्याने दोर सोडायचा आणि धावत पाण्याच्या कडेला जाऊन पुन्हा पकडायचा. रांग अशी फिरत राहते. सत्तरी ओलांडलेले आजोबा होते आणि शाळेला उशीर झालेला एक मुलगाही होता. जाळं जवळ आलं तसा पाण्याचा रंग बदलला, मग फडफड सुरू झाली. बांगडे, पेडवे, थोडी तारली, एक मोठा कुर्ला. वाटे तिथेच पडले: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. दोराला हात लावला त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, म्हणून मलाही चार बांगडे मिळाले. मी नको म्हणाले तर एक काकी रागावल्या.

रापण किनारा सोडून जाऊ शकत नाही, हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ट्रॉलर मासळीच्या मागे जातो. रापणकराला मासळी आपल्या दारात येण्याची वाट बघावी लागते. त्याच्यासमोरच्या पाण्यात कुणी आधीच खरवडून नेलं, तर त्याला दुसरीकडे जायची सोय नाही. किनाऱ्यालगतची बंदी ही त्याच्यासाठी सवलत नव्हे, त्याचं शेतच तेवढं आहे.

हद्दीबद्दल विचारलं. होडी चालवणारे तांडेल काका म्हणाले, "आमका मैल कळनत नाय गो बाय. आमी पाणी बगतंव."

२४ नोव्हेंबर, समुद्रात

काल निवडणुकीचे निकाल लागले, बंदरावर त्याच गप्पा. मी मात्र आज काकांबरोबर होडीतून १० वाव शोधायला गेले.

साधन असं: सुताचा जाड दोर, टोकाला मुठीएवढा शिशाचा गोळा. गोळ्याच्या खालच्या बाजूला खळगा आणि त्यात साबणाचा तुकडा दाबलेला. गोळा तळाला टेकला की साबणाला जे चिकटेल त्यावरून खाली चिखल आहे, वाळू आहे की खडप, ते कळतं. दोर वर घेताना काका दोन्ही हात पूर्ण फाकवून मोजत होते. छातीवरून या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. मुखाने आकडे, हात चालू. पहिल्यांदा साडेसहा, पुढे आठ, मग किल्ल्याचा बुरूज आणि मागच्या डोंगरावरचं एक एकटं झाड एका रेषेत आल्यावर इंजिन बंद करून म्हणाले, "हयसर धा."

मी बरोबर मोजपट्टी नेली होती. काकांचा वाव भरला १ मीटर ७६ सेंटिमीटर. माझा १ मीटर ५५. कायद्यातला १.८३. म्हणजे काकांचे १० वाव कायद्याच्या १० वावांपेक्षा ७० सेंटिमीटर उथळ आणि माझे तर पावणेतीन मीटरने. हे सांगितल्यावर काका क्षणभर गप्प राहिले. मग विचारलं, "धा वाव म्हणजे कोणाचे? माजे काय सायबाचे?"

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचं नाव सापडलं.

मोबाइलवरच्या जीपीएसने त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपले. आज भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. अमावास्येला त्याच खुणेवर पुन्हा यायचं ठरलं.

१ डिसेंबर, समुद्रात

अमावास्या, उधाण. त्याच बुरुजाची आणि झाडाची रेषा धरली, जीपीएसवरही तीच जागा. भरतीच्या माथ्यावर गोळा सोडला. दहा वाव झाले तरी दोर सैल पडेना, अकराव्याचा बराचसा भाग पाण्यात गेला. काकांना यात आश्चर्य नव्हतं, मला मात्र वहीत लिहिताना हात थांबवावा लागला.

या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. तळाचा उतार किलोमीटरला ३ मीटर धरला तर २ मीटर पाणी म्हणजे आडवं अंतर ६०० मीटरहून जास्त. एखादा ट्रॉलर १० वावांच्या आत होता की बाहेर, याचं उत्तर त्या दिवशीची तिथी आणि घटका यांवर बदलू शकतं. नौदलाच्या जलसर्वेक्षण नकाशांवरची खोली ठरावीक नीच पातळीपासून दिलेली असते, म्हणून नकाशावरची रेघ हलत नाही. पण आदेश वाचणारा मच्छीमार, गस्तीवरचा कर्मचारी आणि ट्रॉलरचा तांडेल यांपैकी कोणती पातळी कुणी धरायची? मी वाचलेल्या मजकुरात ते नाही.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आता तुझा प्रश्न बदलला आहे, आराखड्यात तो बदलून पाठव. तिथेच किनाऱ्यावर बसून लिहिलं: 'समुद्रातली हद्द कुणाला, कुठल्या मापाने आणि कशाच्या पुराव्यावर सिद्ध करता येते?'

९ डिसेंबर

एका कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला. मागणी: हद्दीच्या उल्लंघनाच्या कारवायांत जागा कशी नोंदवली, त्या पानांच्या प्रती, नावं झाकून.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. काकींकडे तिळगूळ आणि वर बांगड्याचं तिखलं.

अर्जाचं उत्तर कालच हाती आलं. मला मिळालेल्या पानांत बोटीचं वर्णन आहे, जाळ्याचं आहे, मासळीचा अंदाज आहे. जागा बहुतेक ठिकाणी 'अमुक गावासमोर' अशी. खोली एकाही पानावर नाही. नियम खोलीचा आणि कागदावर खोलीच नाही. वाचून वाईट वाटलं. रात्री-अपरात्री छोट्या बोटीतून हायस्पीड ट्रॉलरच्या मागे गेलेल्या माणसाची मेहनत त्या एका रिकाम्या रकान्यातून वाहून जाते.

२०२१ च्या दुरुस्तीने बऱ्याच गोष्टी सुधारल्या, हे तिसऱ्या प्रकरणात ठळक लिहायचं. पूर्वी निवाडा तहसीलदारांकडे होता, त्यांच्यामागे महसुलाची हजार कामं. आता तो मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहाय्यक आयुक्तांकडे आला. जुना दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीवर अवलंबून होता, त्यामुळे मासळी पाण्यात ओतून दिली की दंडही हलका. आता रकमा कायद्यातच ठरवल्या आहेत, एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत. पण दंड मोठा झाला की वकीलही मोठा येतो, आणि मोठा वकील पहिला प्रश्न जागेचाच विचारतो.

या ९ तारखेपासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी सुरू केली आहे. बंदरावर त्याचं स्वागत आहे, मलाही ते आवश्यक वाटतं. ड्रोन अक्षांश-रेखांश अचूक देईल. खोली देणार नाही. त्या बिंदूखाली किती पाणी, हे कुणीतरी नकाशावर लावून बघायला हवं, आणि तो नकाशा दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेला हवा.

२ फेब्रुवारी, मालवण बंदर

पहाटेचा लिलाव. सुरमई, सरंगे, सौंदाळे, मोरी. भाव बोटांवर आणि डोळ्यांवर ठरतो, मी कितीदा पाहिलं तरी वेग पकडता येत नाही.

आजवरच्या माझ्या मुलाखतींत बायका जवळजवळ नाहीत हे आज जाणवलं आणि लाज वाटली. हद्दीचा विषय म्हणजे समुद्रात जाणाऱ्यांचा, असं मी धरून चालले होते. टोपली घेऊन बसलेल्या काकींनी मला ते चुकीचं ठरवून दाखवलं. कुठल्या जाळ्याची मासळी आहे हे त्यांना बघताक्षणी कळतं. रापणीची मासळी वाळूवर जिवंत आलेली, कडक. ट्रॉलरची जाळ्याच्या पिशवीत दाबून आलेली, खवले सुटलेले, पोट मऊ. बारका, न वाढलेला मासा कुठल्या महिन्यापासून जास्त यायला लागला, तेही त्या सांगतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. तो नियम बोटीवर तपासणं कठीण, पण बंदरावर या बायकांच्या हाताखालून प्रत्येक मासा जातो. त्यांना त्या यादीबद्दल विचारलं.

"आमका कोणी इचारूक नाय," एवढंच उत्तर.

पुढचे दहा दिवस फक्त त्यांच्या मुलाखती.

१८ फेब्रुवारी

मालवण सागरी अभयारण्य. १३ एप्रिल १९८७ ची अधिसूचना, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी या गाभ्यात येतं. ज्येष्ठ मच्छीमारांच्या बोलण्यात आजही तोच राग: आमच्या दारातलं पाणी घेतलं आणि आम्हाला सांगितलं नाही. अभयारण्य कागदावर राहिलं, मासेमारी चालू राहिली, प्रवाळांवर पर्यटकांच्या बोटींचे नांगरही पडत राहिले. कुणाचंच भलं झालं नाही.

वन्यजीव कायदा पुन्हा वाचला तेव्हा एक परंतुक सापडलं. १९९१ च्या दुरुस्तीने कलम २६-अ मध्ये आलेलं: प्रादेशिक जलधीचा भाग अभयारण्यात घेताना त्याची सीमा केंद्राच्या मुख्य नौदल जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत करून ठरवायची आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण करण्याची पुरेशी व्यवस्था केल्यानंतरच ठरवायची. मालवण झालं १९८७ मध्ये. चार वर्षांचा फरक. हा नियम आधी असता तर निदान एक बैठक कायद्याने घ्यावी लागली असती. इथे प्रवाळ आहेत, ती जपलीच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याच्या होडीखाली ती आहेत, त्याला बाहेर ठेवून ती जपली जाणार नाहीत, याबद्दलही आता शंका उरली नाही.

२७ मार्च, मुंबई

आंग्रिया बँकवर चार पानं लिहिली. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं पठार, विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर पश्चिमेला, माथ्यावर प्रवाळ. १२ मैलांच्या कितीतरी बाहेर, म्हणून वन्यजीव कायदा तिथे पोचत नाही आणि राज्याचा मासेमारी कायदाही नाही. १९७६ च्या कायद्याच्या कलम ७(६) खाली केंद्र अनन्य आर्थिक क्षेत्रातला (१२ ते २०० मैलांमधल्या पाण्यातला) एखादा भाग 'निर्दिष्ट क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं, ती एक वाट आहे. बुरुजावरून न दिसणारी रेघ ओलांडली की तोच समुद्र आणि तेच प्रवाळ दुसऱ्या सूचीत जातात.

पर्ससीनचंही (थव्याला घेरून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्याचंही) तसंच. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला: परवाने टप्प्याटप्प्याने कमी करत अखेर १८२ वर आणायचे, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर. हे सगळं राज्याच्या पाण्यापुरतं. बांगड्याच्या थव्याला बारावा मैल माहीत नाही. बाहेर घेरला तर आत रापणीत येणारच नाही.

२४ एप्रिल

परवा मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. काकांचा फोन आला, आवाजात आनंद होता. कर्ज, विम्यासाठी याचा उपयोग कसा होईल ते समजावून घ्यायला त्यांनी मलाच बोलावलं आहे.

३ जून, मालवण

१ तारखेपासून बंदी, ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या. जाळी विणायला बसलेल्या माणसाला वेळ असतो, त्यामुळे माझ्या कामाला हाच खरा हंगाम.

नकाशा करायला घेतला. जलसर्वेक्षण नकाशावरची १८.३ मीटरची रेघ, तिचे ठरावीक अंतरावरचे अक्षांश-रेखांश, आणि प्रत्येक बिंदूसमोर किनाऱ्यावरची खूण: बुरूज, देवळाचा कळस, दीपस्तंभ, डोंगराची खिंड. मैल वापरणाऱ्याला मैल, वाव वापरणाऱ्याला वाव, ड्रोनवाल्याला बिंदू. एका कागदावर तिन्ही. खुणा मी ठरवायच्या नाहीत, रापण संघांनी सांगायच्या, एवढा नियम स्वतःला घातला.

१६ नोव्हेंबर

४ नोव्हेंबरला केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नियम अधिसूचित केले. १२ मैलांबाहेर जाणाऱ्या यांत्रिक बोटींना आता प्रवेश पास लागेल, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना नाही. एलईडी, जोडीने ओढायचं ट्रॉलिंग, बुल ट्रॉलिंग यांना मनाई. बाहेरच्या पाण्यासाठी अशी चौकट हवीच होती. पाचव्या प्रकरणाचा अर्धा भाग पुन्हा लिहावा लागेल, आणि तो मी आनंदाने लिहीन. आता खरी तपासणी अशी की बोट आत आहे की बाहेर, हे आतला नियम आणि बाहेरचा नियम एकाच मापाने मोजतात का.

आज दुपारी नकाशाचा मोठा छापील कागद घेऊन दांडीला गेले. रापणीच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपीत, चटईवर पसरला, चार कोपऱ्यांवर जाळ्याची शिसं ठेवली. पंधरा-वीस जण वाकून बघत होते. एका आजोबांनी बराच वेळ बोट न टेकवता नुसतं वरून फिरवलं, मग पहिल्या दिवशी एका काकीने विचारला होता तोच प्रश्न त्यांनी विचारला: "ह्यां सगळां लिवून घेतंस, तां कोणाक देतलंस?" मी सांगितलं, एक प्रत विभागाला, एक विद्यापीठाला, आणि ही इथे मांगरात लावायला.

ते पुन्हा कागदावर वाकले. किल्ल्याच्या नैर्ऋत्येला एका रिकाम्या जागी त्यांनी बोट टेकवलं. "हयसर खडप आसा. तां खय दाखवलंस?"

नव्हतं दाखवलं. काकांनी मान हलवली, आजोबांचं बरोबर आहे म्हणाले. तिथे जाळी फाटतात म्हणून कुणी ट्रॉलर जात नाही, आणि म्हणूनच तिथून आत मासा टिकतो. माझी रेघ त्या खडपाच्या बाहेरून काढायची की आतून, यावर तासभर चर्चा झाली. दोन मतं पडली, दोन्ही लिहून घेतली.

उद्या ओहोटीच्या वेळी गोळा घेऊन त्या खडपावर जायचं. होडी पहाटे साडेपाचला.